नवव्या कलमाचं पान

परवा एक तरुण वकील घरी आला होता. बगलेत जाडजूड ग्रंथ, तोही स्वतःच लिहिलेला. देशादेशांमधल्या कायद्यावर आमच्या भाषेतला हा म्हणे पहिलाच ग्रंथ. त्यात तहांच्या प्रकरणात एक वाक्य आहे, ते त्याने मला मोठ्या झोकात वाचून दाखवलं : "तहाची प्रत्येक प्रत समोरच्या पक्षाच्या लेखनिकाने लिहावी, ही प्रथा अनादी काळापासून चालत आली असून सर्व सुसंस्कृत राष्ट्रांना मान्य आहे."

मी विचारलं, "अनादी म्हणजे साधारण किती वर्षं रे?"

"आजी, अनादी म्हणजे ज्याची सुरुवात कुणालाच ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि त्या दुपारी माझी पाठ भयंकर दुखत होती."

तो हसला. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून पाणी पिऊन निघून गेला. ग्रंथ लिहिणाऱ्यांना कागद विचारायची सवय असते, माणसं नाही. म्हणून मीच कागद घेऊन बसले आहे. एकदा कागदावर आलं की तोही मानेल.

आमचं घराणं लेखनिकांचं. आजोबा, मग बाबा, मग मी. बाबांना मुलगा नव्हता आणि शिकवायची खाज होती, त्यामुळे सातव्या वर्षी माझ्या हातात बोरू आला. बाविसाव्या वर्षी मी परराष्ट्र कचेरीत बसून लिहायला लागले, तेव्हा कचेरीतल्या पुरुषमंडळींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण अक्षर बघून सगळे गप्प बसले. फुशारकी मारतेय असं वाटेल. मारतेच आहे. माझ्या अक्षरासारखं अक्षर त्या कचेरीत आधी कुणाचं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

पण लेखनिकाचं खरं काम अक्षर नाही, रुजवात. रुजवात म्हणजे दोन प्रती एकमेकींशी ताडून बघणं. तहाच्या प्रती दोन असतात. आमच्या प्रतीत आमच्या राजाचं नाव आधी, त्यांच्या प्रतीत त्यांच्या राजाचं, म्हणजे कुणाचाच मान कमी व्हायला नको. तेवढा एक फरक सोडला तर बाकी अक्षर न् अक्षर सारखं हवं. त्या काळी आमची प्रत आम्ही लिहायचो, त्यांची ते. मग दोन्हीकडचे लेखनिक समोरासमोर बसत. त्यांच्या माणसाने आमची प्रत मोठ्याने वाचायची आणि मी त्यांच्या प्रतीवर बोट ठेवून ओळीमागून ओळ पुढे सरकवायचं. कलम संपलं की मी म्हणायचं, "जुळलं." आपली स्वतःची प्रत कुणीच तपासायची नाही, कारण आपण लिहिलेलं वाचताना माणसाला कागदावर आहे ते दिसत नाही, मनात होतं ते दिसतं. आणि न जुळताच सह्या झाल्या, तर दोन्ही प्रतींत जेवढं आहे तेवढंच बंधनकारक. एका प्रतीत नसलेली ओळ दोन्हींत नसल्यासारखी.

तेव्हा नदीपलीकडच्या देशाशी आमचं अकरा वर्षं युद्ध चाललं होतं. दोन्ही काठांवर भाषा एकच, फक्त त्यांचे हेल निराळे. दोनदा बोलणी झाली, दोनदा मोडली. पहिल्यांदा मोडली ती दारातून आधी कोण आत जाणार यावरून. दोन राजांचे दूत चार तास दाराबाहेर उभे राहिले आणि शेवटी आपापल्या घरी जेवायला गेले. त्या वर्षी आमची सहा हजार माणसं मेली. त्यांची किती, ते त्यांना ठाऊक.

तिसऱ्या वेळी पुलाच्या आमच्या टोकाला जकातनाक्याच्या इमारतीत बैठक ठरली. या वेळी कुणीतरी डोकं चालवलं आणि गवंड्याकडून समोरच्या भिंतीत दुसरं दार पाडून घेतलं, पहिल्याच्याच मापाचं. दोन दूत दोन दारांनी एकाच क्षणी आत आले. चुन्याचा ओला वास अजून खोलीत होता.

माझा धाकटा दीर तीन वर्षांपासून त्यांच्या कैदेत होता. सैनिक होता. पकडला गेला तेव्हा वीस वर्षांचा. सासूबाईंनी तीन वर्षांत एकदाही त्याचं ताट मांडायचं चुकवलं नव्हतं. रोज रिकामं ताट मांडायच्या आणि रोज उचलून ठेवायच्या, आणि त्यावर कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मी सकाळी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "आज सह्या होतील ना?" एवढंच विचारलं.

"होतील," मी म्हटलं.

सह्या त्याच दिवशी व्हायला हव्या होत्या. त्यांच्या दूताच्या अधिकारपत्राची मुदत त्या दिवशी सूर्यास्ताला संपत होती. मुदत संपली की त्याची सही आणि रस्त्यावरच्या कुणाही माणसाची सही सारखीच. नवं अधिकारपत्र आणायचं तर महिना, आणि महिन्याभरात लढाईला पुन्हा तोंड फुटायला काय लागतं?

जेवणं आटोपून आम्ही रुजवातीला बसलो. टेबलाच्या पलीकडे त्यांचे लेखनिक, सत्तरीचे आजोबा, बोटांवर शाईचे जुने डाग, नाकावर चष्मा. येताना त्यांनी माझ्या बाबांना वाकून नमस्कार केला होता. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यांना नुसती आकृती दिसली असेल. ते खिडकीशी खुर्चीवर बसले होते. कामाला नव्हते, पण घराण्यातला वडीलधारा माणूस हजर असावा असा शिरस्ता. शेजारच्या खोलीत माझा नवरा दाभण आणि दोरा घेऊन वाट बघत होता. तो पुस्तकं बांधायचा. रुजवात होईपर्यंत तहाची पानं सुटी ठेवतात, मग शिवतात, आणि शिवायचं काम यजमानाचं.

माझ्या खुर्चीमागे आमचे मुख्य दूत उभे होते. उंच, सडपातळ, मान पुढे काढून उभं राहायची सवय. कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे करकोचा म्हणत. हुशार माणूस. मी त्यांचा राग करत नाही. तेव्हा करत होते.

आजोबा वाचत गेले, माझं बोट सरकत गेलं. आठ कलमं झाली. जुळलं, जुळलं, जुळलं. मग आलं नववं, कैद्यांचं. आजोबा आमच्या प्रतीतून वाचत होते : "रणांगणावर पकडलेले सैनिक चाळीस दिवसांत परत पाठवावेत. नदीवर पकडलेले नावाडी, त्यांच्याजवळ हत्यार असो वा नसो, चाळीस दिवसांत परत पाठवावेत. जखमी आणि आजारी यांना आधी पाठवावे."

माझ्या बोटाखाली सैनिक होते. त्यांच्यापुढे लगेच जखमी होते. नावाडी नव्हते.

लेखनिकांच्या घरात याला नजरेची उडी म्हणतात. दोन वाक्यांचा शेवट सारखा असला की लिहिणाऱ्याची नजर मूळ कागदाकडे परतताना पहिल्याऐवजी दुसऱ्यावर उतरते आणि मधलं वाक्य गळतं. जो लिहीतच नाही त्याच्या हातून ही चूक होत नाही. दिवसाला दहा ताव लिहिणाऱ्याच्या हातून होते.

आणि ती चूक नेमकी कुठे व्हावी! आमच्याकडे त्यांचे चारशे बारा नावाडी होते. किल्ल्याच्या दुरुस्तीसाठी खाणीत दगड फोडायला लावले होते त्यांना. आमचा नावाडी त्यांच्याकडे एकही नव्हता. म्हणजे ती ओळ सगळी त्यांच्या फायद्याची, आणि त्यांच्याच प्रतीतून ती गळाली होती. मी गप्प राहिले तर चारशे बारा माणसं कायद्याने आमची. मी बोलले तर पूर्ण पान पुन्हा लिहायचं, कारण तहाच्या पानावर खाडाखोड चालत नाही. आणि सूर्य बघता बघता खिडकीच्या खालच्या चौकटीकडे उतरत होता. पान वेळेत झालं नाही तर सही नाही. सही नाही तर माझा दीरही नाही.

खुर्चीच्या पाठीवर करकोच्याची बोटं आवळली गेली. त्यांनाही दिसलं होतं. ते वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "घरी कोण वाट बघतंय ते आठवा, बाई."

मला घरचं ते ताट आठवलं. मी म्हटलं, "जुळलं."

वकिलाने आपल्या ग्रंथात लिहिलंय की असं काही आढळल्यास लेखनिक तात्काळ बोट उचलतो. तात्काळ नाही. मी खोटं बोलले. बारा वर्षांच्या नोकरीतलं ते पहिलं खोटं जुळलं, आणि ते लपवून ही गोष्ट सांगायची मला इच्छा नाही.

आजोबांनी मान डोलावली आणि पान उलटलं. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. शत्रूच्या देशात, शत्रूच्या नाक्यावर, एका बाईने जुळलं म्हटलं आणि त्यांनी पान उलटलं. अकरा वर्षं दोन राजांनी एकमेकांच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता आणि या माणसाने माझ्या शब्दावर ठेवला. दहावं कलम संपलं. आता मी जुळलं म्हणायचं होतं. खिडकीशी बाबांनी मान वर केली. त्यांना दिसत नव्हतं, पण माझं जुळलं ते ओळखत होते, आणि मघाचं त्यांना खटकलं असणार.

मी बोट उचललं.

रुजवातीत बोट उचललं की सगळं थांबतं. आजोबा वाचायचे थांबले. त्यांच्या दूताने हातातला पेला खाली ठेवला. मी म्हटलं, "नववं कलम जुळलेलं नाही. मी मघाशी जुळलं म्हटलं ते चूक होतं. तुमच्या प्रतीत नावाड्यांची ओळ नाही."

आजोबांनी आपली प्रत ओढून घेतली. पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. पन्नास वर्षं लिहिणाऱ्या माणसाला आपली उडी परक्यांसमोर सापडावी यापरती नामुष्की नाही, मला कळत होतं. माझ्यामागे करकोच्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ते न बघताही कळत होतं.

त्यांचा दूत हळू आवाजात म्हणाला, "बाई, ही ओळ नसती तर फायदा तुमचाच होता."

"हो."

"मग सांगितलंत का?"

मला काही मोठं सुचलं नाही. मी म्हटलं, "कारण ते जुळत नव्हतं. जुळत नसताना मी जुळलं म्हणायला लागले तर उद्या तुमच्या माणसाने तरी खरं का बोलावं? मग हे टेबल कशाला, ही दोन दारं कशाला, आपण पुलावरच मारामारी करत बसू."

मग आजोबांनी नवा ताव पुढे ओढला, बोरू दौतीत बुडवला आणि लिहायला हात टेकवला. हात थरथरत होता. पहिलंच अक्षर फिसकटलं. त्यांनी तो ताव बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तोही फिसकटला. भीतीने नव्हे, अपमानाने. मी बाबांचा हात असा थरथरताना पाहिलेला आहे.

सूर्यास्ताला दीड तास राहिला होता. एका पानाला शांत हाताला एक तास लागतो.

"मी लिहू का?" मी विचारलं.

करकोचा म्हणाले, "आपला हात त्यांच्या प्रतीत? असं कधी झालेलं नाही."

"नाही झालेलं," खिडकीशी बाबा म्हणाले. त्या दुपारी ते पहिल्यांदाच बोलले. "पण चालणार नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. मी चाळीस वर्षं तेच लिहीत होतो, मला माहीत आहे."

त्यांच्या दूताने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग स्वतःचा बोरू माझ्यापुढे सरकवला. "लिहा, बाई," ते म्हणाले. "मी बोट ठेवतो."

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. माझा नवरा उंबऱ्यात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सख्खा भाऊ होता त्याचा. मी त्याच्याकडे बघायला घाबरत होते. तो म्हणाला, "घाई करू नकोस. शिवायला मला पाव तास पुरतो."

मी आयुष्यात हजारो पानं लिहिली असतील, पण ते पान वेगळं. शत्रूचा ताव, शत्रूचा बोरू, शत्रूची शाई, आमच्यापेक्षा जरा दाट. त्यांच्या राजाचं नाव आधी आणि आमच्या राजाचं मागून, माझ्याच हाताने. नावाड्यांच्या ओळीशी आले तेव्हा मी एकेक शब्द मनात म्हणत लिहिला, नजर उडू नये म्हणून. पाठ मोडून आली होती. वाळू टाकून अक्षर सुकवलं आणि पान आजोबांपुढे ठेवलं. शिरस्ता असा की बोट उचललं गेलं तर रुजवात पहिल्या शब्दापासून पुन्हा. आम्ही ती केली, धावत्या आवाजात. मी लिहिलेलं पान मीच तपासायचं नाही, म्हणून नवव्या कलमाला मी आमची प्रत वाचली आणि आजोबांनी माझ्या अक्षरावर बोट फिरवलं. शेवटी ते म्हणाले, "जुळलं."

सह्या झाल्या तेव्हा समोरच्या भिंतीवर उन्हाची बोटभर पट्टी शिल्लक होती.

बाहेर आल्यावर करकोच्यांनी मला तिथल्या तिथे नोकरीवरून काढून टाकलं. त्यांचंही खरं होतं. किल्ला अर्धवट राहणार होता आणि वर जाब त्यांना द्यायचा होता. घरी येताना बाबा म्हणाले, "आपल्या घराण्यातल्या माणसाला याआधीही काढलेलं आहे. तुझ्या आजोबांना उशिरा येण्यावरून काढलं होतं. तुझं कारण जरा बरं आहे." आणि रस्त्यात थांबून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान असतानाही त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

दोन वर्षांनी मासेमारीचा करार व्हायचा होता, तेव्हा पलीकडून पत्र आलं. आमची प्रत तुमच्या त्या बाईंनी लिहावी, तुमची आमचे लेखनिक लिहितील, एरवी आम्ही बसणार नाही. करकोचा स्वतः घरी आले बोलवायला. पुढे तिसऱ्या देशाने तसंच मागितलं, मग चौथ्याने. वकिलाची अनादी काळापासूनची प्रथा ती हीच.

पण मला सांगायचंय ते निराळंच. त्या संध्याकाळी घरी सासूबाईंना कुणीतरी आधीच जाऊन सांगितलं होतं. मी आत शिरले तेव्हा त्या ताट उचलत होत्या. "परक्यांच्या पोरांसाठी माझ्या पोराचा जीव टांगणीला लावलास," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सह्या झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, "झाल्या नसत्या तर?" त्यानंतर चाळीस दिवस त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत.

चाळिसाव्या दिवशी पुलावर कैद्यांची अदलाबदल झाली. दहा तिकडून, दहा इकडून, मधोमध एकमेकांना ओलांडायचं. आधी जखमी, मग सैनिक, सगळ्यांत शेवटी नावाडी. माझा दीर सैनिकांच्या सहाव्या दहांत आला. अर्धा झाला होता, दाढी वाढलेली. सासूबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मग नवरा म्हणाला, "आई, चल, याला घरी नेऊ. गर्दी वाढतेय."

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

सैनिक संपले. मग खाणीकडून नावाडी आले. दगडाच्या धुळीने पांढरेफटक, पायांना चिंध्या बांधलेल्या. काही जण नीट चालतही नव्हते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येत होते. आमच्या शेजारी उभी असलेली एक बाई कडवट आवाजात म्हणाली, "यांना कशाला सोडतायत? आता दगड कोण फोडणार? आपली माणसं?"

सासूबाई तिच्याकडे वळल्या. मुलाचा हात त्यांनी घट्ट धरला होता, तो तसाच.

"माझ्या सुनेने लिहिलंय म्हणून सोडतायत," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हाताने लिहिलंय, त्यांच्या कागदावर. तुला काही म्हणायचं असेल तर तिला म्हण. ही काय, इथे उभी आहे."

नावाड्यांचे पहिले दहा पूल ओलांडून पलीकडे उतरले आणि तिकडच्या काठावरून कुणा बाईचं मोठ्याने रडणं पाण्यावरून आमच्यापर्यंत आलं. सासूबाईंनी कान दिला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

"पोचला गं कुणाचा तरी."

दीर उभा राहून दमला होता, म्हणून नवऱ्याने त्याला पुलाच्या कठड्यावर बसवलं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो आणि चारशे बारा मोजून होईपर्यंत हललो नाही.